वडिलांच्या नावावरचे जुने कोल्ट सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर विकायचे आहे, किंमत कशी ठरवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणीत वडिलांकडे आजोबांच्या काळापासूनचे, कोल्ट या अमेरिकन कंपनीचे सिंगल ॲक्शन (दर गोळीला घोडा, म्हणजे मागचा हातोडा, हाताने ओढावा लागतो असे) रिव्हॉल्वर आहे, परवाना चालू आहे, वडिलांचे वय ७४. अमेरिकेतल्या लिलावांचे आकडे रुपयांत मांडले तर डोळे फिरतात, आणि बेळगावातला दुकानदार त्याच्या चौथाईचेही नाव काढत नाही. मग खरे कोण बोलतो?

दोघेही खरे बोलतात. फक्त ते दोन वेगळ्या बाजारांबद्दल बोलतात. मी लष्करात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर होतो आणि निवृत्तीनंतर बेळगावात एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानात बरीच वर्षे दुरुस्तीचे टेबल सांभाळले. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक विनवणी. त्याला घासू नका. पॉलिश, राख, चिंच, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका.

खानापूरकडचे एक कुटुंब असेच कोल्ट घेऊन आले होते. विकायचे म्हणून त्यांनी आधी मोटारीच्या पार्टांना मुलामा देणाऱ्या एका कारखान्यातून त्याला निकेल करून आणले होते. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती हत्यार देणे हा गुन्हाच, पण ते बाजूला ठेवू. कापड उलगडले तेव्हा आरशासारखे लखलखत होते. भिंगाखाली धरले आणि मला बोलवेना. बफिंगच्या चाकाने फ्रेमच्या धारदार कडा गोल झाल्या होत्या. स्क्रूंभोवतीचा भाग बशीसारखा खोलगट झाला होता. नळीवरचा कंपनीचा पत्ता नखाने चाचपला तरी 'हार्टफर्ड', म्हणजे कोल्टच्या गावाचे नाव, लागत नव्हते. डाव्या बाजूला मागच्या पायांवर उभे राहिलेले शिंगरू असते, ती कोल्टची खूण. त्याचे पुढचे पाय पुसून गेले होते. घरातले म्हातारे आजोबा म्हणाले, "नव्यासारखं झालंय की ओ!" संग्राहकाच्या दृष्टीने त्या दिवशी त्या हत्याराची निम्म्याहून जास्त किंमत गेली होती, आणि ती परत आणायची कुठलीही युक्ती नाही.

जुन्या कोल्टच्या फ्रेमवर कारखान्यात कोळशाच्या भट्टीतून पाण्यात बुडवून आणलेले रंग असतात, निळसर, तपकिरी, राखाडी, ढगांसारखे पसरलेले. नळी आणि सिलिंडर गडद निळ्या. मूळ निकेलची हत्यारेही आहेत, पण मूळ निकेलखाली अक्षरे टोकदार राहतात. हे रंग फिके पडून उरलेली करडी-तपकिरी छटा सुद्धा नव्या मुलाम्यापेक्षा जास्त पैसे आणते.

खंडेनवमीचेही सांगायला हवे. आपल्याकडे शस्त्रपूजेला हळद-कुंकू ओले करून थेट फ्रेमवर बोट टेकवतात. दरवर्षी त्याच जागी. त्या ठिपक्याखाली ओल बसते आणि गंज खात जातो. मी अशी दोन-तीन हत्यारे पाहिली आहेत ज्यांच्या फ्रेमवर बरोबर बोटाएवढा खड्डा होता. पूजा जरूर करा, पण कुंकू पेटीला लावा. चामड्याच्या म्यानात तर ठेवूच नका. पावसाळ्यात आपल्याकडची हवा चामड्यात मुरते आणि आतून गंज धरतो. सुती कापड आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पुरे. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसते.

आता नेमके काय बघायचे. वडील समोर असताना, त्यांच्याच हातून, घोडा अर्ध्यावर ओढून उजवीकडची झडप उघडा आणि सिलिंडर फिरवून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री करा. मग मूठ वर करून क्रमांक वाचा. तो तीन ठिकाणी असतो: फ्रेमच्या खाली, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर. तिन्ही जुळले पाहिजेत. एक जरी वेगळा निघाला तरी कधीतरी भाग बदलला आहे असे धरा, आणि किंमत उतरते.

क्रमांकावरून काळ कळतो. हे मॉडेल १८७३ चे. १९४१ पर्यंतची पहिली पिढी, क्रमांक ३,५७,८५९ पर्यंत. १९५६ ते १९७४ दुसरी आणि १९७६ पासून तिसरी, यांच्या क्रमांकाला 'एसए' अक्षरे जोडलेली असतात. पैसा मुख्यतः पहिल्या पिढीत आहे. त्यातही १८९६ च्या आसपासपर्यंतच्या हत्यारांत सिलिंडरची दांडी धरणारा स्क्रू फ्रेमच्या पुढून येतो. पुढे त्या जागी बाजूने दाबायचे बटण आले. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूचा जमाना ओळखायची ही सोपी खूण आहे. सिलिंडरवर किंवा नळीवर इंग्लंडच्या परीक्षणाचे बारीक शिक्के असतील तर ते मुद्दाम टिपून ठेवा. कोल्टची विक्री लंडनमार्फतही होत असे आणि आपल्या भागातल्या छावण्यांत, संस्थानांत आलेल्या हत्याराला ती वाट शोभते.

चालण्याबाबत एवढेच: घोडा सावकाश पूर्ण ओढला की चार खटके ऐकू यायला हवेत आणि शेवटी सिलिंडर घट्ट बसायला हवे. डुगडुगत असेल तर खर्च आहे. चाप ओढून घोडा मोकळा आपटून बघू नका.

मग अमेरिकेतला आकडा इथे का मिळत नाही? तिथल्या कायद्यात १८९८ पर्यंतचे हत्यार 'अँटिक' ठरते आणि त्यावरचे नियम बरेच सैल होतात. आपल्या शस्त्र कायद्यात, १९५९ च्या, अशी सालाची रेघ नाही. जुने असून पुरत नाही, ते दुरुस्त करूनही उडणार नाही अशा अवस्थेतले असले तरच सूट. उडणारे रिव्हॉल्वर शंभर वर्षांचे असले तरी परवाना लागतोच. म्हणजे तुमचा ग्राहक परवानाधारकच हवा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. त्यातली एक जागा तो शोभेच्या कोल्टला का देईल? त्याला स्वसंरक्षणाला हत्यार हवे असते, ज्याच्या गोळ्या मिळतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप) रिव्हॉल्वर घेतले की गोळ्यांची काळजी नाही. .४५ कोल्टची काडतुसे शोधत फिरावे लागते. तुमचे .३२-२० असेल तरी आपली .३२ ची काडतुसे त्यात घालायची नाहीत, ती जात वेगळी. परदेशात पाठवून विकू म्हणाल तर शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला ती बाहेर नेता येत नाही.

उलट बाजूही आहे. १९८० च्या दशकापासून परदेशी हत्यारांची खाजगी आयात जवळजवळ बंद आहे. म्हणून अस्सल, न छेडलेले, कागद जुळणारे हत्यार दिसले की मोजकेच दर्दी लोक पुढे येतात आणि दुकानदाराच्या आकड्याच्या बऱ्याच वर जातात. तुमचा आकडा तिथून ठरेल. परदेशी लिलावांचा उपयोग एवढाच करा: त्याच काळाचे, त्याच बोअरचे अस्सल हत्यार आणि मुलामा दिलेले हत्यार यांत तिथे किती पटीचा फरक पडतो ते बघा. ते प्रमाण इथेही लागू पडते. मग बेळगाव, कोल्हापूर, हुबळीतल्या परवानाधारक दुकानदारांना फोटो दाखवा आणि दोन वेगळे प्रश्न विचारा: तुम्ही रोख किती द्याल, आणि ग्राहक आणून दिला तर किती कापाल? दुसरे उत्तर खऱ्या किमतीच्या जवळ असते.

कागद हत्याराइतकाच मोलाचा. आपल्याकडे जुन्या परवान्यांवर मुंबई राज्याचा शिक्का, नंतरची नूतनीकरणे कन्नडमध्ये, आणि नकलताना क्रमांकातला एखादा आकडा चुकलेला. मी ३ चा ८ झालेला पाहिला आहे. तेवढ्यावर दोन वर्षे विक्री अडली. हत्यारावरचा क्रमांक, परवान्यावरचा क्रमांक आणि बोअर आजच ताडून घ्या, यूआयएन (परवानाधारकाचा सरकारी ओळख क्रमांक) आहे का बघा. आजोबांची खरेदीची पावती किंवा जुना फोटो असेल तर जपून ठेवा. पत्र पाठवून कोल्टच्या दप्तरातून ते हत्यार केव्हा आणि कुणाकडे रवाना झाले याची नोंद मागवता येते. तो कागद हाती असला की दर्दी माणूस घासाघीस कमी करतो.

आणि सीमेवरच्या लोकांची नेहमीची चूक: परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल तर कोगनोळी नाका ओलांडून कागलला ग्राहकाला दाखवायला नेणे हा गुन्हा आहे. ग्राहकाला निपाणीत बोलवा. सौदा ठरला की ग्राहकाचे नाव-पत्ता जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. त्याआधी हत्यार हातातून देऊ नका, इसार घेतला असला तरी.

मला विचाराल तर घाई करू नका. वडील सत्तरीच्या पुढे आहेत, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते हयात असतानाच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो आधी करा. वडिलांनंतर हत्यार पोलीस ठाण्यात जमा होऊन ओलसर कपाटात पडले तर तीन पावसाळ्यांत जे रंग इतकी वर्षे टिकले ते जातील. अर्जाला मूळ परवान्याची झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.