सांगलीत पहिली फिल्म शूट करतोयस ना?
कॅमेरा कुठलाही चालेल रे, आधी आवाजाचं बघ. 1929 सालचा आयर्विन पूल फ्रेममध्ये देखणा दिसतो म्हणून सगळे तिथंच धावतात, पण गाड्यांच्या हॉर्नमध्ये संवाद पार बुडतात. पुलाचा लाँग शॉट घाटावरून घे, बोलणं गावभागातल्या एखाद्या शांत बोळात उरक. कॉलर माइकचा फोम काढू नकोस; कृष्णेवरचा वारा थेट आत घुसतो. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट तिथला नुसता आवाज रेकॉर्ड कर. एडिटिंगमध्ये कट जोडताना तोच उपयोगी पडतो.

संध्याकाळी सूर्य नदीपलीकडं, सांगलीवाडीकडं उतरतो. पाण्याकडं पाठ करून उभा केलेला नट तेव्हा काळा पडतो, म्हणून सकाळी जा. दुकानात ट्यूबलाइट असेल तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/50 सेकंद ठेव. आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर चित्रात पट्ट्या फिरतात.

कॉलेजचं पत्र जवळ असू दे. मार्केट यार्डात हळदीचे सौदे टिपायचे असतील तर आधी बाजार समितीला विचार, मग अडत्याला. आणि हमालांच्या वाटेत ट्रायपॉड अजिबात रोवू नकोस; पाठीवर पोतं असलेल्या माणसाला थांबवायचा आपल्याला काहीच हक्क नाही. ज्याचा चेहरा जवळून घेणार, त्याची परवानगी आधी घे.