वाचकांचे प्रश्न : वापरलेल्या बोटीचं डिझेल इंजिन

प्रश्न : आम्ही तिघे मित्र अलिबागकडची एक वापरलेली बोट घेत आहोत. १२ वर्षं समुद्रात चाललेली, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, मीटरवर १४०० तास. परवानग्या मिळाल्या की गंगापूर धरणात चालवायची आहे. ‘हाफ सेल्फला चालू होतं,’ असं मालक सांगतो. पैसे देण्याआधी काय तपासावं?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तुम्ही पोहोचाल तेव्हा इंजिन थंडगार हवं. मालकाला तसं आधीच सांगा आणि गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावून पाहा. गरम इंजिन हाफ सेल्फला चालू होणारच; कमी झालेलं कॉम्प्रेशन आणि गळके इंजेक्टर थंड असतानाच उघडे पडतात. १४०० तासांवरही भुलू नका. वर्षाला जेमतेम ११७ तास म्हणजे इंजिन बहुतेक काळ पोटात खारं पाणी घेऊन उभंच होतं. बोटीची इंजिनं झिजण्यापेक्षा गंजूनच जास्त जातात.

सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑईल काळं असतंच, पण दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. कूलंटवर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलर गेलाय. गिअरबॉक्सच्या ऑईलला करपट वास आला तर क्लच प्लेटा जळल्या आहेत.

सगळ्यात जास्त वेळ एक्झॉस्ट एल्बोला, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या पाइपाला द्या. तिथे तापलेला धूर आणि समुद्राचं पाणी एकत्र येतं. आत काजळी आणि मीठ साचतं, बिडाचा एल्बो आतून कुजतो, आणि बाहेरचा रंग मात्र तसाच चकचकीत राहतो. म्हणून तो खोलूनच पाहा. भोक निम्मं बुजलं असेल तर इंजिनाचा श्वास कोंडतो, काळा धूर येतो. आतली भिंत कुजली असेल तर पाणी उलटं एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून सिलिंडरमध्ये उतरतं. मालक खोलू देत नसेल तर नवा एल्बो आणि हेडचं काम धरूनच भाव करा.

मग पाण्याच्या पंपाचं झाकण काढून रबरी इम्पेलर पाहा. एखादं पातं तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत अडकलेला असू शकतो. तो शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवण्यात अर्थ नाही.

शेवटी पाण्यात दहा मिनिटं फुल थ्रॉटल. प्लेटवर लिहिलेले आरपीएम गाठता आले पाहिजेत. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर हटत नसेल तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा आत पाणी जातंय.

बोट ट्रेलरवर चढवण्याआधी कूलिंग गोड्या पाण्याने धुऊन घ्या. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा समुद्रकाठापेक्षा साधारण ६ टक्के विरळ. टर्बो नसलेलं इंजिन अलिबागला बोट ढकलणारा जो पंखा (प्रोपेलर) सहज फिरवत होतं, तोच इथे जड जाऊन काळा धूर येऊ शकतो. तेव्हा कमी पिचचा, म्हणजे पाती कमी तिरकी असलेला पंखा लागतो. बोटीच्या तळाचे झिंक (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे) गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, तिथे मॅग्नेशियमचे लावा.

प्रश्न : डिझेल फिल्टर बदलल्यापासून बोटीचं इंजिन चालू होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : आता सेल्फ मारू नका. इंजिन पेटत नसलं तरी प्रत्येक फेऱ्याला पंप बाहेरचं पाणी ओढतच असतो, आणि ते ढकलायला धूर नसल्यामुळे मफलर (सायलेन्सर) भरून पाणी सिलिंडरमध्ये येतं. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बाहेरचं पाणी आत घेणारा कॉक बंद करा, मफलर खालच्या प्लगमधून रिकामा करा. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा. पाणी निघालं तर ते पूर्ण काढून ऑईल बदला.

मग फिल्टर पुन्हा उघडा. बहुतेक वेळा जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहिलेली असते आणि तिथून हवा शिरते. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून फीड पंपाची दांडी हाताने मारत राहा. बुडबुडे थांबले की आवळा. तसंच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला करा. शेवटी इंजेक्टर पाइपांचे नट सैल करून थोडा सेल्फ मारा, पण हात लांब ठेवा, ती धार कातडीत घुसते. डिझेल उडालं की नट आवळा. इंजिन पेटलं की लगेच पाण्याचा कॉक उघडा.

हे सगळं करताना बोटीतलं पाणी उपसणारा पंप बंद ठेवा आणि सांडलेलं डिझेल डब्यात धरा. गंगापूर धरणाचं पाणी नाशिककर पितात.