मॅचमध्ये ‘भारत माता की जय’, ‘वंदे मातरम्’ या घोषणा कुठून आल्या?

या घोषणा क्रिकेटने घडवलेल्या नाहीत, त्या स्वातंत्र्य चळवळीच्या सभा-मिरवणुकांतून मैदानात आल्या. याची खूण आपल्या नाशिकच्या इतिहासातच आहे: १९०६ च्या दसऱ्याला मिरवणुकीत ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून बाबाराव सावरकर आणि साथीदारांवर खटला झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंगालात बारिसालच्या परिषदेत याच घोषणेसाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. म्हणून गॅलरीतून ती ऐकताना मला आजही अभिमान वाटतो. ‘भारत माता की जय’ इतकी पसरली ती तिच्या घडणीमुळे. एकाने हात वर करून ‘भारत माता की’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘जय’ ओढायचं. आरतीनंतरच्या जयजयकाराची सवय असल्याने अनोळखी गर्दीही लगेच सूर धरते.

मात्र ‘इंडिया, इंडिया’ या कुळातली नाही. देशाचं नुसतं नाव तालावर घुमवण्याची रीत जगभरच्या मैदानांवर आहे. अमेरिकेची ‘यूएसए, यूएसए’ ही घोषणा १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये, सोव्हिएत संघाला आइस हॉकीत ४-३ हरवताना, सर्वाधिक गाजली. आपल्याकडे परदेश दौऱ्यांवर हा जल्लोष ढोलासह संघटितपणे नेला तो १९९९ च्या विश्वचषकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘भारत आर्मी’ या चाहत्यांच्या गटाने.