श्रीलंकेच्या यादवी युद्धात जाफन्यातल्या सामान्य लोकांचे दिवस कसे गेले?

युद्ध 1983 ते 2009 चाललं, पण सामान्यांचं जगणं कळायला नव्वदच्या सुरुवातीची वर्षं बघावीत. देशाच्या उत्तर टोकाच्या या तमिळबहुल शहरावर ताबा एलटीटीईचा, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा; बाहेरून सरकारची नाकेबंदी. वीज गेली ती वर्षानुवर्षं आलीच नाही. बॅटरी सेल मिळत नसत, म्हणून रात्री बातम्या ऐकायच्या तर एकाने सायकलचं पेडल फिरवत राहायचं आणि बाकीच्यांनी डायनामोवर चाललेल्या रेडिओला कान लावायचे. जुन्या मोटारी रॉकेलवर धावत. चालू करण्यापुरते पेट्रोलचे थेंब टाकायचे.

दक्षिणेला जायचा रस्ता बंद. मग किलालीच्या खाडीतून रात्री होडीने जायचं, नौदलाच्या गोळ्यांच्या धास्तीत. शिवाय निघायला एलटीटीईचा पास लागायचाच. याच संघटनेने ऑक्टोबर 1990 मध्ये जाफना शहरातल्या मुसलमानांना अवघ्या दोन तासांत घरदार सोडायला लावलं. तीही तमिळच बोलणारी माणसं. त्यातली कित्येक पुढे पुत्तलमच्या छावण्यांत राहिली. जाफन्याची कहाणी सांगताना त्यांना वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

30 ऑक्टोबर 1995 ला लष्कर जवळ आल्यावर एलटीटीईने शहर रिकामं करायचा हुकूम सोडला. लाखो लोक भर पावसात, अंधारात नावत्कुळीच्या पुलाकडे निघाले. डोक्यावर बोचकी, म्हातारी माणसं सायकलच्या कॅरिअरवर, आणि गर्दी इतकी की पाऊल पुढे पडेना. 1996 मध्ये बरेचजण परतले, तेव्हा शहर लष्कराच्या ताब्यात होतं.