3389 उघडू का?

प्रश्न : इतवारीत आमचं किराण्याचं ठोक दुकान आहे. माळ्यावर विंडोज सर्व्हर 2019, त्यावर टॅली. मी राहते मनीषनगरला. बाळ लहान, म्हणून रात्री घरूनच नोंदी करायच्या आहेत. रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर वापरायची सोय) चालू केला. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर उघडतो, घरून नाही. ओळखीचा मुलगा म्हणतो, राउटरवर 3389 पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, इंटरनेटला उघडून टाका. टाकू का? शिवाय तिसरा लॉगिन करायला गेला की आधीच्या दोघांपैकी एकाला बाहेर काढावं लागतं. ते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नका टाकू, ताई. कळमन्यातल्या एका अडत्याकडे मीच ‘दोनच दिवस’ म्हणून हे पोर्ट उघडं ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन : पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर आत घेईना. जाऊन इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर सिक्युरिटी लॉगमध्ये 4625ची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, रांग लागलेली. अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर, अकाउंट्स… दर दोन-चार सेकंदांनी कोणीतरी दार हलवून बघत होतं. पाच चुकांनंतर खातं बंद, असं मी लावून ठेवलं होतं म्हणून निभावलं. पण त्यात ‘अकाउंट्स’ हे त्यांचं स्वतःचंच खातं बंद पडलं. “आपलंच दुकान अन् आपल्यालेच कुलूप?” म्हणाले. काय बोलणार?

घरून उघडत नाही, कारण तुम्ही टाकता तो 192.168ने सुरू होणारा पत्ता दुकानातल्या नेटवर्कपुरताच. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घर ते दुकान अशी खासगी, बंदिस्त वाट, लावा. राउटरमध्ये वायरगार्डची (व्हीपीएनचाच एक प्रकार) सोय असेल तर उत्तम. आधी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांच्यातला असेल तर तो इंटरनेट कंपनीनं अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता, मागावा लागेल. आणि एक गंमत, जिच्यात माझी अख्खी दुपार गेली आहे : घर आणि दुकान दोन्हीकडे 192.168.1 असेल, तर व्हीपीएन जोडूनही लॅपटॉप सर्व्हर घरातच शोधत बसतो. दुकानातलं बदलून 192.168.57 करा.

सर्व्हरवर नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची (आधी ओळख पटव, मगच स्क्रीन उघड) खूण काढू नका. तुमचं वेगळं खातं करून ते रिमोट डेस्कटॉप युजर्स गटात घाला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं टॅली कशाला उघडायची?

ते दोन लॉगिन मायक्रोसॉफ्टनं सर्व्हरच्या देखभालीसाठी दिलेत, रोजच्या कामासाठी नाहीत. तुम्हाला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस बसवून माणसागणिक किंवा यंत्रागणिक लायसन्स घ्यावं लागेल. विनालायसन्स 120 दिवस चालतं. एखादी फाइल बदलून ‘अनलिमिटेड’ करून देणारा भेटेलच. त्याला चहा पाजून वाटेला लावा.

शेवटचं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं सर्व्हरचं मूळ सेटिंग) ‘लाइट आली की आपोआप सुरू’ हे लावून घ्या. नाहीतर रात्री अकराला लाइट जाऊन आली की बटण दाबायला कोणाला तरी इतवारीत धाडावं लागेल.