कॅलिफोर्नियातील कॉलेजात गणित शिकवायचे असेल तर

नमस्कार. पतीची बदली सॅन होजेला होत असल्याने पुण्यातील नोकरी सोडून तुम्ही त्यांच्याबरोबर येणार आहात, आणि एम.एस्सी., सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) व नऊ वर्षांचा अनुभव यांच्या बळावर इथे गणिताची प्राध्यापकी मिळेल का व ते काम कसे असते, असे तुम्ही विचारले आहे. मीही महाराष्ट्रात सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवून इथे आले आणि गेली बारा वर्षे एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात, शिकवते आहे.

पतीचा व्हिसा कोणता, हे सर्वांत आधी पाहा. कंपनीने एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, पाठवले असेल तर पत्नीला एल-२ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करता येते. एच-१बी असेल तर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आल्याबरोबर नोकरी करता येत नाही आणि परवान्यासाठी बहुधा पतीचा आय-१४० अर्ज (ग्रीन कार्डसाठी कंपनी करते तो) मंजूर होईपर्यंत थांबावे लागते. पात्रतेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजांत गणितातील पदव्युत्तर पदवी पुरते, पीएच.डी.ची सक्ती नाही. सेटला मात्र इथे कोणी ओळखत नाही, आणि भारतीय पदवी अमेरिकन पदवीशी समकक्ष असल्याचे मूल्यांकन करून घ्यावे लागते.

पूर्ण वेळ जागा थोड्या निघतात व एकेका जागेला अर्ज पुष्कळ येतात, त्यामुळे सुरुवात बहुतेकांची अर्धवेळ कामानेच होते. कायद्याने अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये (एका प्रशासनाखालच्या कॉलेजांत मिळून) पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. म्हणून पोट भरण्यासाठी लोक सकाळी एका कॉलेजात, संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजात तास घेत गाडीतून धावत राहतात. पुढच्या सत्रात वर्ग मिळेल याची हमी नसते. मी हे चार वर्षे केले आहे. तासिका तत्त्वावरची असुरक्षितता मागे टाकून आलेल्या माणसाला ती पुन्हा समोर आली की फार जड जाते, आणि तुम्ही याची मनाशी तयारी करूनच यावे असे मला कळकळीने वाटते.

पूर्ण वेळ शिक्षकाला आठवड्याला साधारण १५ तास वर्गात शिकवावे लागते. आपल्याकडे सहायक प्राध्यापकाला यूजीसीने १६ तास सांगितले आहेत, म्हणजे तासांत फारसा फरक नाही. फरक आहे तो जबाबदारीत. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका नाही, कॅपमध्ये (विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यांकन केंद्रात) जाऊन अनोळखी उत्तरपत्रिका तपासणे नाही. अभ्यासक्रमाची चौकट ठरलेली असली तरी वेळापत्रक, गृहपाठ, चाचण्या, अंतिम परीक्षा आणि श्रेणी हे सारे तुमचेच, आणि विद्यार्थ्याने ‘मला बी का मिळाला’ असे विचारले की उत्तरही तुम्हीच द्यायचे. मला हे स्वातंत्र्य मनापासून आवडते, पण पहिल्या वर्षी त्याने माझी झोप उडवली होती.

भाषेचा एक धोका आधीच सांगते. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यासमोर ‘थ्री इंटू ट्वेल्व्ह’ म्हटले आणि अर्ध्या वर्गाने चार लिहिले, कारण इथे ‘इंटू’ म्हणजे भागाकार. गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणायचे. ‘झेड’ला ‘झी’, ‘ट्रॅपेझियम’ला ‘ट्रॅपेझॉइड’, ‘सर्ड’ला ‘रॅडिकल’. नुसते ‘लॉग’ लिहिले तर विद्यार्थी पाया दहाच धरतात, नैसर्गिक लॉगला ‘एलएन’ लिहावे लागते.

खरी कसोटी वर्गात बसलेल्या माणसांची आहे. २०१७ चा एबी ७०५ आणि २०२२ चा एबी १७०५ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यांनंतर विद्यार्थ्यांना पूर्वतयारीच्या बीजगणितात अडकवून ठेवता येत नाही; ते थेट पदवीला धरल्या जाणाऱ्या वर्गात येतात, आणि कॅल्क्युलसच्या एकाच वर्गात बर्कलीला जाऊ पाहणारी एकोणीस वर्षांची मुलगी व वीस वर्षांनी शिकायला परतलेला गृहस्थ शेजारी बसतात. असेच एक गृहस्थ, रात्रपाळी करून सकाळी येणारे, ऑफिस अवरला, म्हणजे शंका विचारण्यासाठी राखलेल्या वेळेत, वही घेऊन आले. त्यांनी १/(एक्स + २) याचे १/एक्स + १/२ असे दोन तुकडे केले होते. पुण्यात मी लाल शाईने काट मारून नियम सांगितला असता. इथे मी विचारले, एक्सच्या जागी २ ठेवून पाहाल का? डावीकडे पाव आला, उजवीकडे एक. ते बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे इतकी वर्षे मी कधी तपासलेच नाही.’ त्यानंतर सत्रभर ते प्रत्येक पायरीखाली समासात एक संख्या ठेवून पाहत असत. तुमचे गणित इथे कमी पडणार नाही. विद्यार्थी चुकीपर्यंत कोणत्या वाटेने पोचला हे त्याच्याच तोंडून ऐकून घेण्याची सवय मात्र नव्याने लावावी लागेल. पूर्ण वेळ जागेच्या मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घेतात, तिथेही समिती हेच पाहते.

निघण्यापूर्वी विद्यापीठाकडून सर्व वर्षांच्या गुणपत्रकांच्या सीलबंद अधिकृत प्रती, एम.एस्सी.चा छापील अभ्यासक्रम आणि प्राचार्यांचे अनुभवपत्र घ्या. अनुभवपत्रात कोणते विषय, आठवड्याला किती तास आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शिकवले, हे स्पष्ट लिहून मागा. माझ्या पत्रात तारखा नव्हत्या. इथून त्या मिळवायला मला आठ महिने लागले.