कंपॅनियनशी अबोला धरता येत नाही

होऊ घातलेल्या एल्डर,

सप्रेम सलाम.

रविवारी चर्चची मीटिंग संपल्यावर तू विचारलंस, "ताई, मनिलात मिशनरी प्रशिक्षणाला दिवसभर नेमकं करायचं काय असतं?" तेव्हा खुर्च्या रचण्याच्या गडबडीत मी "अरे, अभ्यास असतो" एवढंच म्हणाले. नंतर माझं मलाच हसू आलं. 2015 मध्ये मी जाण्याआधी हेच विचारलं होतं आणि हेच उत्तर मिळालं होतं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

दोन वर्षं तू आपल्या लॅटर-डे सेंट्स चर्चचा मिशनरी, म्हणजे एल्डर, असणार. तुझा कॉल, म्हणजे नेमणूक, दिल्ली मिशनचा. मामा विचारत होते ना, "दिल्लीला जायला मनिला कशाला?" त्यांना सांग, तुझं प्रशिक्षण तिथे ठरलंय. मनिलाला लागूनच क्वेझॉन सिटीत आपल्या चर्चच्या टेंपलसमोर एमटीसी, म्हणजे मिशनरी प्रशिक्षण केंद्र, आहे, आणि फिलिपिनो मुलांबरोबर आशियातल्या बऱ्याच देशांची मुलं तिथे येतात. नवी भाषा शिकायची नसली की काम दोन-तीन आठवड्यांचं. हल्ली सुरुवातीचे काही दिवस घरूनच ऑनलाइन असतात. त्या दिवसांत दार लावून बस. आईला सांग, कुकर वर्ग सुटल्यावर लाव.

मामांचा दुसरा प्रश्न पगाराचा असेल. पगार नाही. उलट खर्च आपण आणि घरचे मिळून उचलतो, झेपत नसेल तिथे चर्चचा निधी भर घालतो. तिसरा प्रश्न आत्याबाई विचारतील, तोही हळू आवाजात: "त्यांच्यात चार-चार बायका करतात ना?" 1890 मध्येच चर्चने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं, एवढं सांगून पोहे खायला लाग. आणि "मॉर्मन" या शब्दावरून कुणाशी वाद घालू नकोस. 2018 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ते टोपणनाव सोडून 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरायला सांगितलं हे खरं, पण आपलं पूर्ण नाव सांगेपर्यंत रिक्षावाला पुढच्या सिग्नलला पोचलेला असतो.

आता दिवस. साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ, नाश्ता, मग स्वतःचा अभ्यास, जोडीने अभ्यास, वर्ग, जेवण, पुन्हा वर्ग, शिकवण्याचा सराव. साडेदहाला दिवे बंद. वाचताना शिस्तीचं वाटतं, प्रत्यक्षात पहिले चार दिवस डोकं नुसतं बधिर होतं. पाचव्या दिवशी कधीतरी लक्षात येतं की आपण घड्याळ बघणं सोडलंय. तोवर कुठलाही निर्णय घेऊ नकोस, विशेषतः "मला हे जमणार नाही" हा.

छातीवर काळी पट्टी लागेल, त्यावर "एल्डर" आणि तुझं आडनाव. पहिलं नाव दोन वर्षं कपाटात. तुझ्या आडनावातल्या "ळ"चं तिथे जे काय होईल त्यावर रागावू नकोस, तूही त्यांची नावं चुकवणारच आहेस.

पण मला खरं लिहायचंय ते कंपॅनियनबद्दल, म्हणजे जोडीदार मिशनरीबद्दल. बाकी सगळं तिथले शिक्षक शिकवतील.

कंपॅनियन तू निवडत नाहीस, तो तुला दिला जातो. बाथरूम सोडलं तर तो सतत तुझ्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. माझी मंगोलियाची होती. तिला एसी सोळावर हवा, मी स्वेटर घालून, पांघरूण डोक्यावरून घेऊन कुडकुडायची. ती झोपेत बोलायची. माझं इंग्रजी पुस्तकी आणि तिचं त्याहून कच्चं. तिसऱ्या दिवशी मी आपलं घरगुती हत्यार काढलं: अबोला. आमच्या घरी आजी-आजोबांनी एकदा आठ दिवस अबोला चालवला होता. मध्ये निरोप्या म्हणून मी: "आजोबांना म्हणावं, जेवण वाढलंय." मला वाटलं, आपल्यालाही जमेल.

अरे, नाही जमत. जिच्याशी बोलायचं नाही तिच्याशेजारीच जेवायचं, तिच्याबरोबरच प्रार्थना करायची आणि दुपारी तीन वाजता तिच्यासोबत जोडीने धडा शिकवायचा. एक वाक्य तिचं, एक माझं. समोर बसलेल्याला दोन मिनिटांत कळतं की या दोघींचं बिनसलंय. शिवाय निरोप पोचवायला नात नाही.

आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून काय बरं चाललंय आणि काय खुपतंय ते सांगायचं, अशी पद्धत आहे. मला ती आधी फार अमेरिकन वाटली. आपण मनात ठेवतो, मग सणासुदीला काढतो. पण त्या आठवड्यात मी सांगितलं, "मला थंडी वाजते." ती म्हणाली, "मग बोलली का नाहीस? मला वाटलं तुला मी आवडत नाही." एसी चोवीसवर आला. पुढे बेंगळुरू मिशनमध्ये अठरा महिन्यांत माझ्या बऱ्याच कंपॅनियन झाल्या. एकीशी शेवटपर्यंत सूर जुळला नाही, पण अबोला कुणाशीच धरला नाही. माझ्या नवऱ्याला याचा फायदा झालाय की तोटा, ते त्यालाच विचार.

सरावाचं सांगते. तिथले शिक्षक एखाद्या खऱ्याखुऱ्या वाटाव्या अशा माणसाची भूमिका घेतात आणि तुम्ही जोडीने त्याला जाऊन शिकवायचं असतं. पहिल्या भेटीत आमच्यासमोरची बाई म्हणाली की तिचे वडील नुकतेच गेले. मी मान हलवली आणि पाठ केलेलं सुरू केलं: 1820, आपल्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ, तेव्हा चौदा वर्षांचा मुलगा, न्यूयॉर्क राज्यातल्या झाडीत त्याला झालेलं दर्शन. एकही चूक केली नाही. संपल्यावर शिक्षिका भूमिका सोडून म्हणाल्या, "तुला माझ्या वडिलांचं नाव विचारावंसं वाटलं नाही?" मला रडू फुटलं, आणि टिश्यू कंपॅनियनने दिला. तिने ते विचारायचं ठरवलं होतं, पण मी मध्ये श्वासच घेतला नव्हता.

दिल्लीत याचा उपयोग होईल. आपल्याकडे अनोळखी दारं ठोठावत फिरायचं नसतं. चर्चचे सदस्य ज्यांना आपणहून घेऊन येतात त्यांच्याशीच बोलणं. ती माणसं कुणाच्या तरी शब्दावर आलेली असतात. त्यांच्यापुढे पाठांतर ओतायचं नाही. आणि साक्ष देताना, म्हणजे आपली श्रद्धा बोलून दाखवताना, जेवढं मनात आहे तेवढंच बोल. "मला ठाऊक आहे" असं सगळे म्हणतात म्हणून तूही म्हणायलाच हवं असं नाही. "मला आशा आहे" हेही पुरतं. टागालोगमध्येही आशेला "आसा"च म्हणतात, चेहऱ्याला "मुखा" आणि शिक्षकाला "गुरो". हे कळलं त्या दिवशी मला मनिला निम्मी ओळखीची वाटायला लागली.

उरलेली निम्मी बाथरूममधल्या "ताबो"ने केली. ताबो म्हणजे आपलं टमरेल, बस. आणि जेवणाने. भात तिन्ही त्रिकाळ. सिनिगांग नावाचा आंबट रस्सा मिळाला तर चिंचेच्या आमटीचा चुलतभाऊ समजून भातावर घे. सुका मासा दिसला की घरच्या सुकटीची आठवण येईल. मोठ्या माणसांचा हात आपल्या कपाळाला लावून नमस्कार करतात, त्याला "मानो" म्हणतात. तुला वाकायची सवय आहेच.

रविवारी प्रत्येकाने छोटं भाषण तयार ठेवायचं असतं आणि कुणाचं नाव पुकारतील हे आधी कळत नाही. मी दर वेळी घाम फुटून बसायचे, नाव एकदाही आलं नाही. तरी तयारी ठेव. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. दोन जेवणं सोडायची आणि पाणीही नाही. हा साबुदाण्याच्या खिचडीचा उपास नव्हे, हे तुला सांगायला नको, पण तुझ्या आजीला एकदा समजावून सांग.

घरची आठवण येईल. आमच्या वेळी आठवड्याला एक ईमेल आणि वर्षातून दोन फोन, नाताळला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला पी-डेला, म्हणजे तयारीसाठीच्या मोकळ्या दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. मनिला आपल्यापुढे अडीच तास आहे, तेवढा हिशेब ठेव, नाहीतर आई पहाटेच फोन हातात घेऊन बसेल. तिच्याशी बोलताना शूर बनू नकोस, फार रडूही नकोस. तिला जेवणाबद्दल सांग, तेवढ्यात तिला बाकीचं कळतं.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. झोप उडाली, जेवण जाईना, सतत मन काळवंडलेलं राहिलं, तर ते श्रद्धा कमी पडली म्हणून नसतं. लगेच सांग, कंपॅनियनला आणि तिथल्या वरच्या माणसांनाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा मध्येच परत आला. लोक कुजबुजले, त्याच्या घरच्यांनी महिनाभर मीटिंगला येणं टाळलं. मला आजही त्या कुजबुजणाऱ्यांचा राग येतो. तो मुलगा आता मजेत आहे.

नियमांचं म्हणशील तर काही पटतील, काही बालिश वाटतील. पाळ, पण "का?" विचारायला लाजू नकोस. विचारणारी मुलंच पुढे नव्या मुलांना नीट शिकवतात, असं मी पाहिलंय.

सामानात दोन अर्ध्या बाह्यांचे शर्ट जास्त घे, उकाडा आपल्या मुंबईसारखाच चिकट असतो. बूट आधी महिनाभर वापरून मऊ कर. मेतकुटाची पुडी नीट बंद करून घे. आणि तिथले प्लग चपट्या पायांचे असतात, आपला चार्जर बसत नाही. माझा अ‍ॅडाप्टर कपाटात सापडला, त्यावर अजून माझ्या नावाची चिकटपट्टी आहे. रविवारी घेऊन येते. चिकटपट्टी काढलीस तरी चालेल.

तुझी,
ताई